उच्चभ्रू, पांढरपेशे, कष्टकरी : लिहिताना नेमका शब्द कसा निवडायचा

पोस्ट लिहिताना, सोसायटीची नोटीस काढताना, कॉलेजचा प्रोजेक्ट करताना "सुशिक्षित कुटुंब", "उच्चभ्रू वस्ती", "सर्वसामान्य माणूस" हे शब्द आपण सवयीने टाकतो आणि पुढे जातो. पण हे शब्द माणसांची वर-खाली मांडणी करतात आणि वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी त्या खालच्या बाजूला असतंच, त्याला ते बरोबर कळतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, शब्द टाकायच्या आधी स्वतःला एकच विचारायचं : मी पैशाबद्दल बोलतोय, शिक्षणाबद्दल, कामाबद्दल की जातीबद्दल? आपल्याकडचे वर्गाचे बहुतेक शब्द यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र करून टाकतात आणि त्यात जात सगळ्यात खोल लपते. उत्तर मिळालं की तेच सरळ लिहायचं. पैशाबद्दल असेल तर श्रीमंत, सुखवस्तू, खातंपितं घर, हातावर पोट असलेलं घर. शिक्षणाबद्दल असेल तर पदवीधर, दहावीपर्यंत शिकलेली. कामाबद्दल असेल तर त्या कामाचं नाव. आणि जातीबद्दल असेल तर जात म्हणा, तिला "संस्कार" म्हणू नका.

"सुशिक्षित" आणि "सुसंस्कृत" हे दोन शब्द तर कायम जोडीनेच येतात, लग्नाच्या जाहिरातीत, फ्लॅट भाड्याने देण्याच्या मेसेजमध्ये, सगळीकडे. सुशिक्षित म्हणजे शिकलेला, एवढंच. सुसंस्कृत कोण हे मार्कशीटवर कुठेच लिहिलेलं नसतं, आणि घर भाड्याने देताना "सुसंस्कृत फॅमिली हवी" असं लिहिलं की बऱ्याचदा त्याचा अर्थ अमुक आडनावं नकोत, अमुक स्वयंपाक नको असाच असतो हे घर शोधणाऱ्याला फोनवर पहिल्या दोन मिनिटांत समजतं. भाडं वेळेत हवं असेल तर "भाडं वेळेत द्यावं" लिहा, रात्री आवाज नको असेल तर तसं लिहा. तसंच "चांगल्या घरातला मुलगा चोरी करताना सापडला" हे वाक्य, यात चोरी गरीब घरातल्याच मुलाने करायची असते असं गृहीत धरलेलं आहे. वडील डॉक्टर आहेत ही माहिती बातमीत खरंच लागणार असेल तर "डॉक्टरांचा मुलगा" लिहा, नाहीतर नुसतं "मुलगा" पुरेसं आहे.

"उच्चभ्रू" हा शब्द इंग्रजीतल्या हायब्रोवरून घडवलेला आहे, भ्रू म्हणजे भुवई, आणि मुळात तो अभिरुचीबद्दलचा शब्द, म्हणजे शास्त्रीय संगीत, प्रायोगिक नाटक असली आवड असणाऱ्यांसाठी. आता तो राहिलाय महागड्या बिल्डिंगांसाठी, "उच्चभ्रू सोसायटीत घरफोडी" वगैरे. तिथे "महागड्या फ्लॅट्सच्या सोसायटीत" म्हटलं की काम होतं. आवडीनिवडीबद्दल लिहिताना मात्र उच्चभ्रू जरूर वापरा, तिथे तो नेमका बसतो.

"पांढरपेशा" हा शब्द ऑफिसात बसणाऱ्यांसाठी आपण वापरतो आणि बऱ्याच जणांना वाटतं की तो व्हाइट कॉलरचं मराठी रूप आहे. तसं नाहीये, हा शब्द एकोणिसाव्या शतकातल्या कोशांतही सापडतो आणि तिथे तो ब्राह्मण, प्रभू अशा लेखणीवर जगणाऱ्या जातींसाठी, कुणब्यापासून वेगळं दाखवायला येतो. म्हणजे त्यात काम आणि जात दोन्ही आधीपासूनच आहेत. इतिहासाबद्दल लिहिताना हा शब्द फार उपयोगाचा आहे, कारण शिक्षण आणि सरकारी नोकऱ्या कोणाच्या हातात गेल्या ते त्या एका शब्दात दिसतं. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे हेच मांडलं होतं, की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा पैसा मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. पण आज कॉल सेंटरमध्ये किंवा डेटा एंट्रीला लागलेल्या पोराला पांढरपेशा म्हणताना जरा थांबा, त्याच्या घरी लेखणीची परंपरा नसते आणि पगार कित्येकदा चांगलं काम मिळणाऱ्या प्लंबरपेक्षा कमी असतो. तिथे "ऑफिसात कंत्राटी नोकरी" लिहा, वाचणाऱ्याला परिस्थिती लगेच कळेल.

बुद्धिजीवी, विचारवंत, बुद्धिप्रामाण्यवादी हे तीन शब्द लोक एकमेकांच्या जागी वापरतात. बुद्धिजीवी म्हणजे ज्याचं पोट बुद्धीच्या कामावर चालतं तो, त्यात वकील, शिक्षक, डॉक्टर सगळे आले. विचारवंत म्हणजे समाजाबद्दल काही नवा विचार मांडणारा, तो पोटासाठी शेती करत असेल तरी चालतं. बुद्धिप्रामाण्यवादी ही तर भूमिका आहे, बुद्धीला पटेल तेच मानणाऱ्याची. यातला बुद्धिजीवी हल्ली शिवीसारखा वापरला जातो, पुढे "तथाकथित" लावून. माझं स्पष्ट मत आहे, तथाकथित काढून टाका आणि त्या माणसाचं नाव आणि तो काय म्हणाला ते लिहा, मतभेद त्याच्या म्हणण्याशी आहे ना मग त्यावरच भांडा.

इंग्रजी एलीटसाठी अभ्यासाच्या लिखाणात "अभिजन" वापरतात. अभिजात वेगळा, भाषेला दर्जा मिळतो तो अभिजात, यात गल्लत नको. अभिजन म्हणजे निर्णय ज्यांच्या हातात असतात ते, आणि ते शिकलेले असतीलच असं नाही. महाराष्ट्रात तर हे फार ठळक दिसतं. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगिळांच्या साथीने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि मग पुढच्या पिढ्यांमध्ये गावोगावच्या कारखान्यांभोवती जी सत्ता जमली तिच्यासाठी लोकांनी "साखरसम्राट" शब्द काढला, आणि १९८३ नंतर विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली तेव्हा त्याच्याच शेजारी "शिक्षणसम्राट" आला. हे लोकांनी घडवलेले शब्द आहेत आणि त्यांत राग आहे, मतपर लेखात खुशाल वापरा, अहवालात मात्र "कारखान्याचे अध्यक्ष", "संस्थाचालक" असंच लिहा.

आता मध्यमवर्ग. या शब्दावर सगळ्यांचाच हक्क आहे, दोन गाड्या असलेला पण स्वतःला मध्यमवर्गीय म्हणतो आणि चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहणारा पण. प्राइस ही कुटुंबांच्या उत्पन्नाचा अभ्यास करणारी संस्था २०२०-२१ च्या किमतींनुसार वर्षाला ५ ते ३० लाख उत्पन्नाच्या कुटुंबाला मध्यमवर्ग धरते, म्हणजे एका टोकाला महिना ४०-४२ हजार आणि दुसऱ्या टोकाला अडीच लाख, यांच्या अडचणी एक कशा असतील? त्यामुळे हा शब्द लिहिलात तर लगेच पुढे घर भाड्याचं की स्वतःचं, कमावणारे किती, नोकरी कायम की कंत्राटी, यातलं काहीतरी द्या.

कायद्यातले शब्द कायद्याच्याच अर्थाने वापरायचे, हा नियम पक्का ठेवा. "क्रीमी लेयर" म्हणजे श्रीमंत ओबीसी असं सरसकट लिहितात. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या इंद्रा साहनी निकालानंतर आलेली, ओबीसींमधल्या पुढारलेल्यांना आरक्षणातून वगळणारी ही अट आहे, मर्यादा २०१७ पासून वर्षाला ८ लाखांची, पण केंद्राच्या नियमात उत्पन्न मोजताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, सरकारी नोकरदारांसाठी आईवडिलांचं पद बघतात. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाची मर्यादा पण ८ लाखच, पण तिथे पगार आणि शेती दोन्ही मोजतात. आकडा तोच आणि माणसं वेगळी. रेशन कार्डाच्या रंगाचंही तसंच, केशरी कार्ड १ लाखापर्यंतच्या वार्षिक उत्पन्नाला आणि त्याच्या वर पांढरं, म्हणजे महिना दहा हजार कमावणारा आणि बंगलेवाला एकाच रंगात. अल्पभूधारक म्हणजे २ हेक्टरपर्यंत जमीन, पण जळगावातली पाच एकर ओलिताखालची केळी आणि माण तालुक्यातली पाच एकर जिरायत यांत किती फरक आहे ते शेतकऱ्यालाच विचारा. गोव्याबद्दल लिहिताना "मालक-भाडेकरू" नको, तिथे भाटकार (जमिनीचा मालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) हे शब्द आहेत आणि १९७५ चा मुंडकार कायदाही आहे.

आणि ज्यांच्याबद्दल लिहिताय त्यांनी स्वतःसाठी कुठला शब्द घेतलाय ते आधी बघा, माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांनी १९९३ मध्ये संघटना केली तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, त्यांनी "कष्टकरी" हा शब्द घेतला, आपण अजून "कचरेवाली" लिहितो. डोक्यावर-पाठीवर ओझं वाहणाऱ्यांसाठी १९६९ चा कायदा आहे आणि त्यात "माथाडी" हा त्यांचाच शब्द आहे. दलित पँथरने १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित या शब्दात भूमिहीन, कामगार, स्त्रिया सगळ्यांना घेतलं, म्हणजे तो त्यांनी स्वतः रुंद केलेला शब्द आहे, त्याच्या जागी "मागासलेले" लिहिणं म्हणजे मागे जाणं. "चाकरमानी" शब्द कोकणात प्रेमाने वापरतात, पण त्यातल्या "चाकर"वर आक्षेप घेणारेही आहेत, तेव्हा ऐकणारा कोण आहे ते बघून वापरा.

सोसायटीच्या नोटीसचं राहिलं. "सर्व्हंट लोकांनी मागची लिफ्ट वापरावी" अशी पाटी असते तिथे नुसतं सर्व्हंट बदलून "मदतनीस" केलं की झालं असं कमिटीला वाटतं. महाराष्ट्रात २००८ चा कायदा "घरेलू कामगार" म्हणतो, बोलताना "घरकामाला येणाऱ्या ताई" म्हटलं तरी छान. पण लिफ्ट वेगळी ठेवायची असेल तर कुठलाही शब्द लिहिला तरी पाटी वाईटच राहणार, ती काढायचा ठराव पुढच्या मीटिंगला मांडा.