रविवारच्या रेसची टीप लिहिताय? या चुका टाळा

गोव्यात रेसकोर्स नाही. आमच्या फोंड्यातल्या माणसाला घोडा धावताना बघायचा तर रात्रीची बस धरून, घाट चढून पुणं नाहीतर मुंबई गाठावी लागते. तरी गेली पंधरा वर्षं आम्ही सात-आठ जण रेसच्या दिवशी सकाळी एका हॉटेलात जमतो, पातळ भाजी आणि पाव मागवतो आणि कार्ड, म्हणजे त्या दिवशीच्या रेस आणि घोड्यांची यादी, उघडतो. पावसाळ्यात पुण्याचा सीझन, नोव्हेंबर लागला की मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स. प्रत्येकानं आपली टीप, म्हणजे कुठला घोडा येईल याचा अंदाज, चिठ्ठीवर लिहायची, खाली कारण लिहायचं आणि संध्याकाळी निकालाशी ताडायची, हा आमचा नेम.

हल्ली नवी मुलं येतात. हुशार आहेत, फोनवर सगळं काढतात. पण तीच ती चूक दर रविवारी बघून मी खरंच थकलो, म्हणून हे लिहायला घेतलं.

आपल्या अंगणातला पाऊस पुण्याला नेऊ नका

ही चूक गोवेकराचीच, आणि ती मी स्वतः केलेली आहे, म्हणून आधी तीच.

काही वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. चवथ जवळ आलेली, आणि आमच्याकडे चार दिवस पाऊस धो धो कोसळत होता. खांडेपारची नदी तुडुंब. शनिवारी रात्री कौलांवरचा पाऊस ऐकत मी पुण्याच्या कार्डाचा आढावा लिहिला. ट्रॅक जड, म्हणजे पावसानं मऊ झालेला असणार हे गृहीत धरलं. १२०० मीटरच्या रेसमध्ये एक घोडी होती, सुटताक्षणी पुढे पळणारी. जड जमिनीत तिचा दम शेवटच्या २०० मीटरमध्ये संपेल असं लिहून मी तिला खोडली आणि मागून येणाऱ्या दोन दणकट घोड्यांवर भर दिला. पुढच्या तीन रेसही त्याच हिशेबानं लिहिल्या. आमच्यातले दोघं त्या रात्रीच्या बसनं पुण्याला निघाले होते. माझा कागद त्यांच्या खिशात.

रविवारी दुपारी फोन आला. मागून कोर्सवरचा गोंगाट ऐकू येत होता. ‘भाई, इथं दोन दिवसांत छत्री उघडलेली नाही. ऊन पडलंय.’ घोडी सुटल्यापासून विनिंग पोस्टपर्यंत पुढेच होती, कुणी तिच्या शेपटीला शिवलंसुद्धा नाही. त्या दोघांनी माझ्या शब्दावर तिला सोडलं होतं. ते मला एका शब्दानं बोलले नाहीत, आणि त्याचंच मला अजून वाईट वाटतं.

शाळेत शिकलेली गोष्ट मी विसरलो होतो. ढग सह्याद्री चढताना आपलं पाणी कोकण-गोव्याकडेच टाकतात. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्यात ७०० च्या आसपास. आपल्याकडे मुसळधार आणि पुण्यात कोरडं, हे ऑगस्टमध्ये कितीतरी वेळा घडतं.

आता माझी सवय अशी. शनिवारी मी जमिनीबद्दल एक अक्षर लिहीत नाही. रविवारी सकाळी पेनिट्रोमीटरचा आकडा बघतो. लोखंडी सळी ठरावीक वजनानं जमिनीत किती रुतते ते तो आकडा सांगतो. आकडा जितका मोठा तितकी जमीन मऊ. मग पुण्यात कॅम्पात राहणाऱ्या माझ्या आतेभावाला फोन करून रात्री पाऊस किती झाला आणि आत्ता आभाळ कसं आहे ते विचारतो. दोन्ही गोष्टी जुळल्या की मगच कागदावर पेन टेकतं. सकाळी उठायचा कंटाळा असेल तर टीप देऊ नका. दुसऱ्याला रविवारभर चुकीच्या वाटेला लावण्यापेक्षा ते बरं.

रेलिंग आत-बाहेर सरकवलंय का, म्हणजे फॉल्स रेल लावलीय का, तेही त्याच वेळी बघा.

ट्रॅकवर्कचे आकडे उतरवणं म्हणजे अभ्यास नव्हे

पहाटेच्या कसरतीच्या वेळा छापून येतात. साधारण अशा: ‘१०००/१:०६, ६००/३९, इझी.’ म्हणजे १००० मीटर १ मिनिट ६ सेकंदांत, त्यातले शेवटचे ६०० मीटर ३९ सेकंदांत, आणि घोडा आरामात. शेजारी कंसात जॉकीचं नाव असतं, नाहीतर ‘आरबी’, म्हणजे रायडिंग बॉय.

आमच्यात गणिताचे एक मास्तर आहेत, अतिशय नेटका माणूस. एका सीझनला त्यांनी मोठ्या वहीत तक्ता आखला, एकेका घोड्याची ६०० मीटरची वेळ लाल शाईनं भरली आणि सगळ्यात कमी सेकंदवाला पहिल्या नंबरावर टाकला. तक्ता बघून आम्ही सगळे भारावलो. पहिल्या दिवशी तक्त्यातला शेवटचा घोडा सहज जिंकला, दुसऱ्या आठवड्यातही साधारण तसंच झालं. मास्तर खट्टू झाले. मग आम्ही दोघांनी एक संध्याकाळ बसून मूळ ओळी पुन्हा वाचल्या. तक्त्यातल्या पहिल्या घोड्याच्या वेळेपुढे लिहिलं होतं ‘प्रेस्ड’, म्हणजे त्याला दामटून ती वेळ काढली होती. शेवटच्या घोड्यापुढे ‘वेल इन हँड’, म्हणजे लगाम ताणून धरूनही तो त्या वेळेत आला. एक आऊटर सँडवर, म्हणजे बाहेरच्या वाळूच्या ट्रॅकवर पळालेला, दुसरा इनर सँडवर, म्हणजे आतल्या. एकाला सोबत दुसरा घोडा होता, दुसरा एकटाच. हे सगळं तक्त्यात आलंच नव्हतं.

दामटून काढलेल्या ३७ सेकंदांपेक्षा आवरून धरलेले ३९ मला कधीही जास्त पटतात. मास्तरांच्या वहीत आता सेकंदांपेक्षा शेऱ्याचा रकाना रुंद आहे, आणि मी सगळ्यात आधी त्यांची चिठ्ठी वाचतो. आकड्यापुढचे दोन शब्द वाचायला दहा सेकंद लागतात, तेवढा धीर ज्याला नाही त्यानं ट्रॅकवर्कचा आधार घेऊच नये.

हलकं वजन बघून हुरळू नका

‘फक्त ५० किलो! पिसासारखा उडेल!’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मोजत नाही. हँडिकॅप रेसमध्ये हँडिकॅपर घोड्याच्या कामगिरीवरून रेटिंग देतो, आणि रेटिंगवरून पाठीवरचं वजन ठरतं. रेटिंगचा एक अंक म्हणजे अर्धा किलो. घोडा जिंकला की रेटिंग वाढतं. तो त्याच क्लासमध्ये, म्हणजे रेटिंगच्या त्याच गटात, राहिला तर पुढच्या वेळी वजन चढतं, ते सगळ्यांना दिसतं. पण वरच्या क्लासमध्ये गेला की तिथं तो तळाला असतो, म्हणून त्याच्या वाट्याला हलकं वजन येतं. ते बक्षीस नाही. बाकीचे त्याच्यापेक्षा सरस आहेत असं हँडिकॅपर सांगतोय. मी अशा वेळी एकच बघतो, मागची रेस जिंकताना घोड्याला चाबूक लागला होता की तो हातावरच आला होता. हातावर आला असेल तर वरच्या क्लासमध्येही नाव लिहितो.

नुसता नंबर लिहू नका

हँडिकॅपमध्ये नंबर वजनाच्या उतरत्या क्रमानं असतात. एंट्रीच्या यादीतून चार घोडे गळले की खालचे सगळे वर सरकतात. जुन्या यादीवरून कुणी ‘तिसऱ्यात ६’ असं लिहून फोनवर पाठवलं, की वाचणारा भलत्याच घोड्यामागे लागतो. ड्रॉचा, म्हणजे सुटायच्या जागेचा, नंबर घोड्याचा समजून लिहिणारेही आहेत. नाव लिहा. पूर्ण लिहा.

अंतर

१६०० मीटरला चमकलेला घोडा २४०० ला टिकेलच असं नाही. डिसेंबरातल्या १६०० मीटरच्या गिनीज रेसवरून फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी होणाऱ्या २४०० मीटरच्या इंडियन डर्बीची टीप देणाऱ्यांनी घोड्याच्या बापाची आणि आईच्या बापाची पोरं किती लांब पळालीत तेवढं तरी बघावं.

प्रत्येक रेसला टीप हवीच, हा हट्ट

कार्डात आठ रेस असल्या तर मी तीनच लिहितो. मेडन रेसमध्ये, म्हणजे अजून एकदाही न जिंकलेल्या घोड्यांच्या रेसमध्ये, निम्मे घोडे पहिल्यांदाच पळत असतात. तिथं मला काही कळत नाही, मग मी ती जागा कोरी ठेवतो. नव्यांना कोरी जागा बघवत नाही. आठही रेस, प्रत्येकीत तीन-तीन नावं, वर जॉकपॉटची, म्हणजे सलग रेसचे सगळे विजेते ओळखायच्या पैजेची, जोडणी! चोवीस नावांतलं एखादं येणारच, आणि मग ‘सांगितलं होतं ना’ म्हणायला मोकळे.

जे कोर्सवर जाऊन खेळतात त्यांना याचा थेट फटका बसतो. बेटच्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के जीएसटी होता, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. एवढा कर डोक्यावर असताना आठही रेसला हात घालणारा माणूस संध्याकाळी परतीच्या बसचे पैसे उसने मागतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटलं. मला त्या शब्दाचा अभिमान वाटतो, म्हणूनच ‘लाव रे, लागेल’ हे बोलणं सहन होत नाही.

‘आतली बातमी’

कुणाच्या मेव्हण्याचा मित्र तबेल्यात असतो म्हणे. अशी चिठ्ठी मी वाचत नाही, पुढे पाठवत तर नाहीच. तुम्हीही पाठवू नका.

पॅडॉक न बघताच शेवटचा शब्द

पॅडॉक म्हणजे रेसआधी घोडे फिरवून दाखवतात ती जागा. इथून ती दिसत नाही, हे मान्य करा. पुण्याला गेलो की मी रेसपेक्षा जास्त वेळ पॅडॉकच्या कठड्याशी उभा असतो. एकदा कार्डातला माझा सगळ्यात पक्का घोडा फेरीला आला, तर मागच्या मांड्यांमध्ये साबणासारखा पांढरा फेस, मान ओलीचिंब, सईस दोन्ही हातांनी ओढतोय तरी तिरका चालतोय. अर्धा दम तिथंच गेला होता. मी त्याच्यावर बेटचं तिकीट काढलं नाही, घोडा सहावा आला. शेजारचा घोडा मान खाली घालून, लांब पावलं टाकत शांत चालत होता, तो दुसरा आला. म्हणून कोर्सवर आपलं कुणी असेल तर चिठ्ठीच्या तळाशी मी लिहितो: ‘पॅडॉकमध्ये घाम दिसला तर सोडा.’ टीपेत एवढी वाट ठेवावी.

निकालानंतर आठवणारी टीप

‘मला वाटलंच होतं’ म्हणणाऱ्यांवर आम्ही उपाय काढला. हॉटेलात गल्ल्याशेजारी एक स्टीलचा डबा ठेवलाय. चिठ्ठ्या पहिल्या रेसच्या आधी त्यात टाकायच्या, डबा संध्याकाळी सगळ्यांसमोर उघडतो. पहिली रेस सुटली की मालक झाकण लावतो आणि नंतर कुणाचीच चिठ्ठी घेत नाही. मागच्या रविवारी मी चार मिनिटं उशिरा पोचलो, तर माझीही घेतली नाही.