मांजरांच्या रेस्क्यूसाठी वर्गणी मागताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

जिन्याखाली सापडलेल्या एका डोळ्याच्या पिल्लाचा फोटो टाकला होता आम्ही, तीनशेच्या वर लाइक, "अरेरे" आणि "देव तुमचं भलं करो" मोजून बोटं दुखली, आणि पैसे आले सहाशे रुपये, त्यातले पाचशे माझ्या मावसबहिणीचे. तेव्हा आम्ही सात जण डोंबिवलीतल्या लोकांना कंजूष म्हणून मोकळे झालो. आता चारेक वर्षांनी मागे बघितलं तर लोक बरेच बरे होते, मागायची आमची पद्धत गंडलेली होती. नवीन ग्रुप सुरू करणाऱ्या मुलामुलींचे मेसेज येतात की ताई फंड कसा उभा करायचा, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकू.

पोस्टला लाइक येतात पण पैसे येत नाहीत?

तुम्ही फक्त आग लागल्यावरच ओरडताय का, हे आधी बघा. आमची प्रत्येक पोस्ट "अर्जंट!!!" होती. गाडीखाली आलेला बोका अर्जंट, पॅनल्यूकोपेनिया (मांजरांचा जीवघेणा व्हायरल आजार) झालेलं पिल्लू अर्जंट, आणि सगळं अर्जंट झालं की समोरच्याला काहीच अर्जंट वाटत नाही. तेच चाळीस लोक दर आठवड्याला शंभर-दोनशे टाकत होते, मग हळूहळू त्यांनी ग्रुप म्यूट केला, एकीने तर मला सरळ सांगितलं की अगं तुझा मेसेज बघितला की पोटात गोळा येतो, उघडतच नाही मी.

आणि खरी गंमत अशी की आमचा निम्मा खर्च या रडारडीच्या केसेसवर नव्हताच, तो नसबंदीवर होता. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येते, साधारण नऊ आठवड्यांत पिल्लं होतात, ती अजून दूध पीत असताना आई पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे एका मांजरीची नसबंदी राहिली की पुढच्या पावसाळ्यात तुमच्याकडे पुठ्ठ्याच्या तीन खोक्यांत पिल्लं आणि रात्री दर दोन-तीन तासांनी दूध पाजायला उठायचं. हे थांबवायला पैसे लागतात पण याचा फोटो काय टाकणार, तगडी धडधाकट मांजर रिक्षाच्या टपावर झोपलीये, कुणाला दया येणार?

आम्ही मग मागायचं वाक्य बदललं. "मांजरांना मदत करा" बंद. त्याऐवजी "स्टेशन रोडच्या मेडिकलमागची करडी मांजर, नसबंदी, औषधं, चार दिवसांचं बोर्डिंग आणि रिक्षा धरून २८०० रुपये, त्यातले ११०० जमलेत, १७०० हवेत". बास. आकडे तुमच्या व्हेटचे टाका, प्रत्येक गावात वेगळे असतात, आमच्याकडेच एका दवाखान्यात दुसऱ्याच्या दुप्पट सांगतात. पण मांजर एक, रक्कम एक, आणि ती भरली की "झालं, आता पाठवू नका" असं लिहायचं. हे शेवटचं वाक्य टाकायला आमच्यातल्या एकाचा जाम विरोध होता, येणारा पैसा कशाला अडवायचा म्हणून, पण नको पाठवू म्हटल्यावर लोक पुढच्या मांजरीचं विचारायला लागले ना.

नाव द्यायला लाजू नका हेही इथेच सांगते. परळचं जनावरांचं हॉस्पिटल, ज्याला मुंबईकर अजून बैलघोडा म्हणतात, ते दिनशॉ पेटिट यांच्या देणगीतून उभं राहिलं आणि त्यावर नाव आहे पत्नीचं, बाई साकरबाई. आपल्याकडे एवढी मोठी इमारत नाही पण "ही नसबंदी कै. आजींच्या स्मरणार्थ" असं लिहायला काय जातं. आमच्याकडे वर्षश्राद्धाच्या निमित्ताने दोन मांजरींचे पैसे देणारं एक कुटुंब आहे, दरवर्षी न चुकता.

स्वतःच्या जीपेचा क्यूआर टाकलाय?

ही माझी वैयक्तिक चूक, मीच केली, नवरा सांगत होता तरी केली. पगाराच्या खात्याचाच क्यूआर पोस्टवर. चार महिन्यांनी मार्च आला आणि स्टेटमेंटमध्ये होमलोनचा हप्ता, भाजीवाला, भिशी, "फॉर किटी" म्हणून आलेले दोनशे (हे मांजरीचे की आमच्या किटी पार्टीचे, आजतागायत कळलेलं नाही) असा सगळा काला. एका काकूंनी फक्त कुतूहलाने विचारलं की आतापर्यंत किती जमले गं, आणि मला सांगताच आलं नाही. मी एक रुपया खाल्ला नव्हता पण त्या दोन सेकंदांच्या शांततेत मी चोर दिसले.

तर निदान एक वेगळं बचत खातं, ज्याचा दुसरा काहीही वापर नाही, आणि ज्याचं स्टेटमेंट ग्रुपमधले अजून दोघं दर महिन्याला बघतात. शक्य असेल तिथे पैसे स्वतःकडे घेऊच नका, देणाऱ्याला थेट दवाखान्याच्या खात्यावर भरायला सांगा, बिलावर मांजरीचं नाव आणि ग्रुपचं नाव लिहून घ्या. महिन्याचा हिशोब एका पानावर, बिलांच्या फोटोसकट, पैसे कमी पडलेत तेव्हाही आणि शिल्लक राहिलेत तेव्हाही. शिल्लक दाखवायला लोक घाबरतात, मग कोण देईल म्हणून. आमचा अनुभव उलटा आहे, शिल्लक लपवली की संशय येतो.

आता कायद्याचं. गणपती मंडळं वर्गणी काढण्याआधी धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क खाली तात्पुरती परवानगी घेतात, हे तुमच्या गल्लीतल्या कुठल्याही मंडळाच्या खजिनदाराला विचारा, तो पाठ म्हणून दाखवेल. नोंदणी नसताना लोकांकडून पैसे गोळा करायचे असतील तर हे दार आपल्यालाही ठोठावावं लागतं, मांजरं आहेत म्हणून सूट नाही. कायमचं करायचं तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली ट्रस्ट, किंवा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सोसायटी (राहायची नव्हे, संस्था), तिला किमान सात सभासद लागतात आणि आपल्या राज्यात तिचीही नोंद धर्मादायकडे होतेच.

पण पहिल्याच महिन्यात ट्रस्ट काढायला धावू नका. दरवर्षी हिशोब तपासून द्यायचे, ट्रस्टी बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट टाकायचा, मीटिंगचं इतिवृत्त लिहायचं. आमच्या ओळखीच्या एका ग्रुपने उत्साहात ट्रस्ट केला, दोन ट्रस्टी लग्न होऊन बंगळुरूला गेल्या, एकीचं भांडण झालं, आता कागदावर ट्रस्ट आहे आणि सही करायला माणूस नाही. वर्षभर एकत्र काम करून बघा, भांडून बघा, मग करा. आणि तोवर स्वतःला "एनजीओ" म्हणवून घेऊ नका प्लीज.

"८०जीची पावती मिळेल ना?"

म्हणजे देणगीवर इन्कम टॅक्समध्ये सवलत मिळवून देणारी पावती. नसेल तर नाही म्हणा. आम्ही "प्रोसेसमध्ये आहे" म्हणायचो, जे खोटं होतं. नोंदणी झाल्यावर इन्कम टॅक्सची मंजुरी वेगळी घ्यावी लागते, ती आधी तात्पुरती मिळते, आणि वर्ष संपलं की ३१ मेपर्यंत देणगीदारांची नावं-पॅन सरकारला कळवायचे, तेव्हा कुठे त्यांना सर्टिफिकेट देता येतं. कॅशमध्ये २००० च्या वर दिलेल्या देणगीवर सवलत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा आहे, त्यात कलमांचे नंबर बदलले, त्यामुळे फॉर्मबिर्म सीएकडूनच करून घ्या. आणि एक गोष्ट जी अर्ध्या देणगीदारांनाच माहीत नसते, नवीन टॅक्स रिजीम घेतलेल्याला या सवलतीचा उपयोगच नाही. आम्ही हे सांगायला लागल्यापासून पावतीसाठी अडून बसणारे कमी झाले.

न्यू जर्सीचा मामा

तो प्रेमाने शंभर डॉलर पाठवतो म्हणतो. थांबा. मामाकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण तो अमेरिकन सिटिझन झाला असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी, तर संस्थेला ते पैसे घ्यायला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि तिचं खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उघडावं लागतं. शंभर डॉलरसाठी एवढं कोण करणार. मामाला म्हणावं पुढच्या वेळी ये आणि पिंजरे धुवायला बस.

सीएसआरचं स्वप्न

यावर आम्ही एक अख्खा मे महिना घालवला, पीपीटी बनवली, तिच्यात ॲनिमेशन घातलं. कंपनी कायद्यात सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायच्या खर्चाच्या, यादीत प्राणी कल्याण आहे हे बरोबर, पण नफ्याचे २ टक्के असे खर्च करायचा नियम लागतो ५ कोटी नफा, १००० कोटी उलाढाल किंवा ५०० कोटी नेटवर्थ यातलं एक तरी असलेल्या कंपन्यांना, आणि त्या पैसे देतात नोंदणीकृत, सीएसआर-१ फॉर्म भरलेल्या, तीन वर्षांचं काम दाखवू शकणाऱ्या संस्थेला. खोक्यात पिल्लं ठेवणाऱ्या सात जणांना नाही. त्यापेक्षा गावातला रोटरी किंवा लायन्स क्लब गाठा, फक्त वेळ बघून. त्यांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, नवीन अध्यक्ष येतो. आम्ही जूनमध्ये गेलो होतो, मावळत्या अध्यक्षांनी चहा पाजला, बिस्किटं दिली आणि बजेट संपल्याचं सांगितलं.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये रडू नका

मी रडले. एजीएममध्ये पार्किंगचा विषय संपल्यावर उभी राहिले आणि मुक्या जीवांबद्दल पाच मिनिटं बोलले, शेवटी गळा दाटून आला. मागून कुणीतरी म्हणालं, "आधी लिफ्टचं बघा." सेक्रेटरी काका नंतर जिन्यात भेटले, म्हणाले, "हे बघ, तुझं चांगलंय सगळं, पण मेंटेनन्समधून मांजरांवर खर्च टाकला तर उद्या बी विंगवाले मला ऑडिटरसमोर उभं करतील."

चूक माझी होती, कारण लोकांना मांजरीचं दुःख नव्हतंच, त्यांना त्यांचं स्वतःचं दुःख होतं. रात्री दोनला बोके गाड्यांवर भांडतात, पार्किंगमध्ये मुताचा वास येतो, पहिल्या मजल्यावरच्या आजींच्या पायात पिल्लं येतात. पुढच्या वेळी मी एक कागद घेऊन गेले. आवारात किती मांजरं (अकरा), त्यातल्या किती माद्या (सहा), नसबंदी झाली की बोक्यांची मारामारी आणि मुताची फवारणी बरीच कमी होते, नवीन पिल्लं थांबतात, कानाचं टोक कापलेलं असतं त्यावरून झालेली ओळखता येते, एकूण खर्च इतका. मेंटेनन्समधून एक पैसा मागितला नाही. फक्त नोटीस बोर्डावर कागद लावायची परवानगी आणि ज्याला द्यायचे त्याने स्वेच्छेने द्यावेत. ज्या काकांनी "हाकलून द्या सगळ्यांना" म्हटलं होतं त्यांनीच पहिले हजार दिले, प्रेमाने नाही, झोप व्हावी म्हणून. चालतंय की. हेतू तपासत बसू नका.

अडॉप्शनच्या वेळी गप्प बसणं

घर मिळतंय याच आनंदात आम्ही लसीकरण झालेलं पिल्लू, वर अर्धा किलो खाऊ, असं सगळं फुकट द्यायचो. आता लसीचं आणि जंताच्या औषधाचं बिल दाखवून तेवढे भरायला सांगतो, आणि पुढची नसबंदी त्यांनी करायची हे लिहून घेतो. विक्री नाही हे स्पष्ट सांगतो, बिलाच्या वर काही घेत नाही. जो माणूस तेवढ्या पैशांवरून घासाघीस करतो तो उद्या मांजर आजारी पडल्यावर काय करेल, हेही कळतं.

वस्तू देणारे

यांना नाही म्हणायला शिका. आमच्याकडे आलेलं, कुत्र्यांचं खाणं (मांजराला रोज पुरत नाही, मांजराला लागणारं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य कमी असतं), दुधाच्या पिशव्या (बहुतेक मोठ्या मांजरांचं पोट बिघडतं), आणि एकदा उरलेल्या औषधांची पिशवी, ज्यात पॅरासिटामॉलची पाकिटं होती. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, ती पिशवी मी तशीच कचऱ्यात टाकली. यादी लावा, जुने टॉवेल, वर्तमानपत्रं, पुठ्ठ्याची खोकी, अमुक कंपनीचं किटन फूड, बस.

मासळी बाजारातल्या एका मावशी रोज संध्याकाळी बांगड्याची मुंडकी देतात, ती आम्ही उकडून काटे काढून घालतो, आणि त्यांच्याच पाटीशेजारी आमचा दानाचा डबा आहे. डब्याला दोन कुलुपं, किल्ल्या दोघींकडे, महिन्याच्या एक तारखेला मावशींसमोरच मोजायचा आणि आकडा डब्यावर चिकटवायचा. गेल्या महिन्यात ७४० रुपये, एक ओमानचं नाणं आणि एक चिठ्ठी निघाली, की काळ्या-पांढऱ्या मांजरीने माझं पापलेट पळवलं, भरपाई द्या. मावशी हसून हसून बेजार, "घाल गो तिचं नाव यादीत." भरपाई नाही दिली, पण त्या मांजरीची नसबंदी गुरुवारी आहे, १२०० जमलेत, १६०० हवेत.