विज्ञानमालिकेची थिअरी: मांडण्याआधी ती मोडून कशी पाहावी

रहस्यमय विज्ञानमालिकेची थिअरी, म्हणजे मालिकेचं रहस्य काय असेल याचा प्रेक्षकाने मांडलेला अंदाज, कशी बांधावी, याचा एक ठरावीक सल्ला सगळीकडे फिरत असतो. प्रत्येक फ्रेम थांबवून पाहा, भिंतीवरचं प्रत्येक चित्र टिपून ठेवा, यात योगायोग काहीच नसतो असं धरून चला. या सल्ल्याने ढीगभर टिपणं जमतात, पण थिअरी एकही उभी राहत नाही. शंभर खुणा गोळा केल्या तर त्यातून कोणताही निष्कर्ष काढता येतो आणि उद्या त्याच खुणांतून उलटा निष्कर्षही निघतो. खुणा वेचायला वेळ आणि चिकाटी पुरते. खरी मेहनत पुढे आहे आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

पुढे 'सेव्हरन्स'चे दोन्ही सीझन, 'डार्क', 'वेस्टवर्ल्ड'चा पहिला सीझन आणि 'लॉस्ट'चा शेवट उघडपणे येतो. यातलं काही पाहायचं राहिलं असेल तर आधी ते पाहून या.

पाहणं

एकदा सलग, दुसऱ्यांदा वही घेऊन. मूळ भाषेतच पाहा, डबिंगमध्ये अर्धे संवाद निसटतात.

प्रश्न एकच

'हे सगळं नेमकं काय आहे?' असा प्रश्न घेऊन बसू नका, त्याचं उत्तर लेखकाकडेही एका वाक्यात नसतं. 'ही बाई ती आहे का?' किंवा 'ही दोन दृश्यं एकाच काळातली आहेत का?' असा प्रश्न घ्या. उत्तर हो किंवा नाही असं यायला हवं.

मालिकेचे नियम मालिकेकडूनच घ्या

चांगली विज्ञानमालिका आपले नियम स्वतःच सांगते आणि थिअरी त्या नियमांतून निघायला हवी. 'डार्क' या कालप्रवासाच्या मालिकेच्या पहिल्या सीझनमध्ये १९५३, १९८६ आणि २०१९ ही सालं येतात. दर दोघांत तेहतीस वर्षांचं अंतर आहे आणि ते आपल्याला स्पष्ट सांगितलेलं आहे. एवढ्यावरून कोणीही वजाबाकी करून म्हणू शकला असता की मालिका आणखी मागे गेली तर १९२० च्या आसपास जाईल. दुसऱ्या सीझनमध्ये १९२१ आलं. याच्या उलट, बाहेरच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातून एखादी संकल्पना आणायची आणि ती मालिकेला चिकटवायची, हा बादरायण संबंध झाला. मालिकेने तो नियम मान्य केला असल्याची एक तरी खूण दाखवता येत नसेल तर तो वापरू नका.

'सेव्हरन्स'मधल्या शेळ्यांचं हेच झालं. या मालिकेत ल्युमन कंपनीतल्या काही कर्मचाऱ्यांच्या ऑफिसमधल्या आणि बाहेरच्या आठवणी शस्त्रक्रियेने वेगळ्या केलेल्या असतात; एका मनाला दुसऱ्याचं काही आठवत नाही. पहिल्या सीझनमध्ये मार्क आणि हेली हे असे दोन कर्मचारी ल्युमनच्या कॉरिडॉरमध्ये भटकत एका खोलीत पोचतात. तिथे एक माणूस करडांना बाटलीने दूध पाजत असतो आणि 'ती अजून तयार नाहीत' असं त्यांना सांगतो. प्रयोगशाळेसारखी कंपनी आणि शेळ्या एकत्र दिसल्याबरोबर क्लोनिंगच्या थिअऱ्यांना ऊत आला. पण ल्युमन ही कंपनी जितकी आहे तितकाच तो एक पंथ आहे, हे मालिका पहिल्यापासून दाखवत होती: संस्थापक कीअर ईगनची वचनं, त्याची चित्रं, त्याच्या घराची जशीच्या तशी उभारलेली प्रतिकृती. दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागात शेळी येते ती बळी देण्यासाठी. मरणाऱ्या स्त्रीच्या आत्म्याला कीअरपर्यंत पोचवण्यासाठी त्या शेळीला मारायचं असतं. उत्तर पंथाच्या बाजूने आलं. एखादी वस्तू दिसली की इतर मालिकांत तिचा अर्थ काय असतो हे आठवू नका. या जगातली माणसं कशाला मानतात, ते आधी पाहा.

खूण कोणी ठेवली आहे?

'लॉस्ट' ही विमान कोसळून बेटावर अडकलेल्या प्रवाशांची मालिका. तिचा शेवटचा भाग २३ मे २०१० रोजी दाखवला गेला. श्रेयनामावली चालू असताना किनाऱ्यावर पडलेल्या विमानाच्या अवशेषांची दृश्यं आली आणि असंख्य प्रेक्षकांनी त्यावरून ठरवून टाकलं की विमानातले सगळे पहिल्याच दिवशी मेले होते. ती दृश्यं लेखकांनी ठेवलीच नव्हती. एबीसी वाहिनीने भागाच्या आणि पुढच्या बातम्यांच्या मध्ये थोडा निवांतपणा असावा म्हणून ती जोडली होती. बेटावर जे घडलं ते खरंच घडलं, हे त्याच भागात एक पात्र स्वच्छ शब्दांत सांगतं. म्हणून संवादात आलेली गोष्ट पहिली, कॅमेऱ्याने मुद्दाम दाखवलेली दुसरी आणि मागे पडलेली वस्तू तिसरी, असा क्रम ठेवा. ट्रेलर, पोस्टर आणि मुलाखती पुराव्यात धरूच नका.

थिअरी मोडून पाहणं

सगळ्यांत अवघड पायरी हीच. मला ती सगळ्यांत उशिरा जमली आणि आजही इतर कामांपेक्षा जास्त वेळ मी तिच्यावर घालवते. 'सेव्हरन्स'च्या दुसऱ्या सीझनचं उदाहरण घेऊन ती सविस्तर सांगते.

पहिल्या सीझनच्या शेवटी ऑफिसमधल्या हेलीला कळतं की बाहेरच्या जगात आपण हेलेना ईगन आहोत, म्हणजे कंपनीच्या मालकाचीच मुलगी. दुसऱ्या सीझनमध्ये हेली, मार्क आणि त्यांचे दोन सहकारी असे चौघं पुन्हा एकत्र येतात. बाहेर काय पाहिलं ते जो तो सांगतो, आणि हेली खोटं बोलते. साधं घर होतं, रात्री काम करणारा एक माळी दिसला, असं काहीतरी. लगेच थिअरी आली: ही हेली नाहीच, तिच्या जागी हेलेना येऊन बसली आहे.

आता बहुतेक जण इथे त्या खोट्याला पुरावा म्हणून टाकतात आणि पुढे जातात. तसं करू नका. त्याऐवजी वहीत त्याच्या शेजारी दुसरी थिअरी लिहा, आणि ती मनापासून, जिंकावी अशा ताकदीने लिहा: ही हेलीच आहे, पण आपण ईगन आहोत हे मित्रांना सांगायची तिला लाज वाटते. आता तेच खोटं या दुसऱ्या थिअरीला लावून पाहा. चपखल बसतं. म्हणजे माळ्याच्या गोष्टीने दोन थिअऱ्यांत निवड होतच नाही. ती खूण कितीही ठळक असली तरी निकालाच्या कामाची नाही. तिला खोडा.

हे खोडणं जड जातं, कारण आपल्याला सगळ्यांत आवडलेली खूण बहुतेक वेळा अशीच निघते. तरीही खोडा. दोन्ही थिअऱ्यांत बसणाऱ्या खुणा यादीत राहू दिल्या की यादी लांबते, विश्वास वाढतो, आणि पुरावा मात्र होता तेवढाच राहतो.

मग उरतं काय? जिथे दोन थिअऱ्या वेगळं काही सांगतात त्या जागा. लाजेची थिअरी खरी असेल तर हेली ल्युमनवर पूर्वीसारखीच चिडलेली असायला हवी आणि मित्रांशी वागणं तेच असायला हवं, फक्त एक विषय ती टाळेल. हेलेनाची थिअरी खरी असेल तर स्वभावच बदललेला दिसेल. दुसऱ्या भागात हेलेना सुरक्षा कॅमेऱ्याच्या चित्रफितीत हेली मार्कचं चुंबन घेते ते पुन्हा पाहत राहते. ही खूण खोडू नका, पण हे दृश्य लाजेच्या थिअरीत कुठे बसतं का, ते प्रामाणिकपणे विचारा. चौथ्या भागात बर्फातल्या सहलीत ती त्या चौघांतल्या अर्व्हिंगला त्याच्या एकटेपणावरून टोचून बोलते, आणि हेली अशी क्रूर कधीच नव्हती, या एका गोष्टीवर अर्व्हिंगचा संशय पक्का होतो. पात्रानेच आपल्या आधी हीच पायरी पार केली. कोणत्या वागण्याने दोघींत फरक होतो, एवढंच त्याने पाहिलं.

यानंतरचं काम त्याहून महत्त्वाचं: तुमची थिअरी काय घडू देत नाही ते लिहा. 'सेव्हरन्स'मध्ये ऑफिसचं मन आणि बाहेरचं मन यांची अदलाबदल लिफ्टमध्ये होते आणि त्या क्षणी कॅमेऱ्याची एक विशिष्ट हालचाल वापरली जाते. तेव्हा हेलेनाची थिअरी मांडणाऱ्याने असं लिहायला हवं की लिफ्टमधून खाली येताना हिच्या चेहऱ्यावर तो बदल एकदा जरी दाखवला, तर माझी थिअरी मेली. मग सगळी लिफ्टची दृश्यं पुन्हा पाहायची, कोणाचा बदल दाखवला आणि कोणाचा टाळला ते टिपायचं. 'वेस्टवर्ल्ड'च्या पहिल्या सीझनमध्ये २०१६ साली तरुण विल्यम आणि काळ्या कपड्यांतला माणूस एकच आहेत, ही थिअरी सुरुवातीच्या काही भागांनंतरच पुढे आली. तिची मनाई साधी होती: हे दोघं एका दृश्यात समोरासमोर येता कामा नयेत. प्रत्येक भागात त्यांना आणता आलं असतं, आणि एकदाही आणलं नाही. दहाव्या भागात मालिकेने उत्तर दिलं.

ज्या थिअरीला अशी एकही मनाई लिहिता येत नाही, ती टाकून द्या. 'हे सगळं एका पात्राच्या डोक्यात चाललंय', 'सगळे आधीच मेलेले आहेत', 'हे सगळं संगणकातलं जग आहे' या तिन्ही थिअऱ्या मी वाचतसुद्धा नाही. पुढच्या भागात काहीही घडलं तरी त्या टिकतात, आणि म्हणूनच त्या काहीच सांगत नाहीत. 'लेखकाने मुद्दाम दिशाभूल केली आहे' हे वाक्यही वापरू नका. ते एकदा वापरलं की विरुद्ध गेलेली प्रत्येक खूण आपल्याच बाजूची होते.

आणि एक सावधगिरी. उत्तर आल्यावर मागे जाऊन सापडणाऱ्या खुणांना भविष्यवाणी समजू नका. हेलेनाचं सोंग उघडं पडतं तेव्हा हेलीचं मन दाबून ठेवणारा 'ग्लासगो' नावाचा अडसर काढायचा हुकूम दिला जातो, आणि हाच शब्द पहिल्या सीझनच्या शेवटी सुरक्षाकक्षाच्या पडद्यावरच्या यादीत, 'ओव्हरटाइम' (ऑफिसचं मन बाहेर जागं करायची सोय) याच्यासोबत दिसून गेलेला असतो. पाहून अंगावर काटा येतो, लेखकांची तयारी कळते. पण त्या यादीत इतरही कितीतरी नावं आहेत. त्या वेळी नुसत्या शब्दावरून ग्लासगोचा अर्थ सांगणं शक्य नव्हतं. अशा खुणा वहीच्या मागच्या पानावर ठेवा, पुढचे सीझन पाहताना उपयोगी पडतात.

लिहून काढणं

पहिल्या परिच्छेदात दावा, दुसऱ्यात मनाई, मग उरलेल्या तीन-चार खुणा, भाग आणि प्रसंग यांच्या उल्लेखासह. प्रतिस्पर्धी थिअरी शेवटी नको, मध्येच आणि तिच्या सर्वांत बळकट रूपात द्या. लांबी कमी ठेवा.

पुढचा भाग आल्यावर

मनाई मोडली असेल तर थिअरी बंद करा. एखादं जुळं भावंड, एखादी लपलेली समयरेषा जोडून तिला जगवू नका. तशी दुरुस्ती करावीशी वाटली तर ती नवी थिअरी म्हणून नव्या पानावर लिहा आणि तिलाही तिची मनाई लागू करा. मनाई टिकली असेल तर मूळ मजकुराला हात न लावता खाली तारीख घालून दोन ओळी जोडा. आणि कोण कोण आहे हे शीर्षकात कधीच लिहू नका, मालिका आज सुरू करणारा माणूस शीर्षक वाचतोच.