एमआरआय कक्षात या चुका टाळा

एमआरआय विभागात नव्याने रुजू होणाऱ्या तंत्रज्ञांना मी पहिल्याच दिवशी विचारतो, की रात्री यंत्र बंद केल्यावर चुंबकाचे काय होते. 'तोही बंद होतो' हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकले आहे, की आता त्याचा रागही येत नाही. बहुतेक यंत्रांतील १.५ किंवा ३ टेस्लाचा (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचे एकक) चुंबक म्हणजे अतिवाहक तारेचे वेटोळे असते. द्रव हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास, त्या तारेचा विद्युतरोध शून्य होतो आणि एकदा सोडलेला प्रवाह बाहेरची वीज न घेता वर्षानुवर्षे फिरत राहतो. त्यामुळे संगणक, दिवे, वातानुकूलन असे सारे थांबले, तरी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीसेक हजार पट क्षेत्र त्या खोलीत जागेच असते.

मी एका रुग्णालयात असताना ऐन पावसाळ्यात वीज गेली आणि जनरेटरनेही दगा दिला. एसी पाहायला आलेल्या मिस्त्रीला आमच्या नवख्या तंत्रज्ञाने 'सगळे बंदच आहे, जा आत' असे सांगून दार उघडून दिले. दाराशी त्या मिस्त्रीला काहीच जाणवले नाही, कारण हे क्षेत्र हळूहळू वाढत नाही. रुग्णाला ज्यात सरकवतात त्या यंत्राच्या बोगद्याच्या तोंडाशी ते एकदम चढते. चार पावले पुढे जाताच पिशवीतला पाना सुटला आणि यंत्राच्या कवचावर आदळून तिथेच चिकटला. सुदैवाने टेबलावर रुग्ण नव्हता. मुंबईत जानेवारी २०१८ मध्ये ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन आत गेलेल्या एका रुग्णाच्या नातेवाइकाच्या वाट्याला ते सुदैव आले नाही.

खरी घाई पुढेच झाली. घाबरलेल्या तंत्रज्ञाचा हात क्वेंचच्या, म्हणजे चुंबक तातडीने बंद पाडण्याच्या, लाल बटणाकडे गेला आणि मी तो वरच्यावर धरला. ते बटण दाबल्यावर हेलियम उकळून सुमारे सातशे पट फुगतो; तो छतावरच्या नळीतून नीट बाहेर पडला तर ठीक, नाहीतर खोलीतला प्राणवायू हटतो आणि आत उघडणारे दार दाबामुळे उघडता येत नाही. माणूस अडकला असेल आणि जीव धोक्यात असेल, तरच ते बटण दाबायचे. चिकटलेल्या पान्यासाठी सेवा अभियंत्याला बोलावून क्षेत्र शिस्तीत उतरवायचे. त्यात दोन दिवस गेले आणि त्या दोन दिवसांत त्या मुलाला सगळे नियम तोंडपाठ झाले. तेव्हापासून दाराची किल्ली माझ्याच खिशात असते आणि विजेचा खोळंबा असेल तेव्हा तर मी ती कुणालाही देत नाही.

दुसरी चूक प्रश्न विचारण्याची आहे. 'अंगावर धातू आहे का?' असे विचारले की रुग्ण सहज 'नाही' म्हणतो, कारण करगोटा, ताईत, जोडवी, अंबाड्यातले आकडे आणि पदराची सेफ्टी पिन यांना तो धातू समजतच नाही. मी एकेका वस्तूचे नाव घेऊन विचारतो, त्याला पाच मिनिटे लागतात आणि घाईच्या दिवशीही ती मी देतो. लेथ किंवा ग्राइंडरवर काम केले आहे का, हेही मी न चुकता विचारतो. डोळ्यात रुतलेला लोखंडाचा कण जुना असला तरी क्षेत्रात हलू शकतो, म्हणून शंका आली की आधी डोळ्यांचा एक्स-रे काढून घ्यायचा. पेसमेकर असेल तर 'डॉक्टरांनी चालेल म्हटले आहे' हे तोंडी वाक्य पुरेसे नसते, त्याचे कार्ड पाहून मॉडेल तपासावे लागते.

ईसीजीची वायर वेटोळी करून रुग्णाच्या अंगावर ठेवू नका, यंत्राच्या रेडिओलहरींनी तिथे भाजते. रुग्णाचे दोन्ही हात एकमेकांना आणि मांड्या एकमेकींना उघड्या त्वचेने चिकटल्या असतील, तर मध्ये कापडाची घडी ठेवा. ॲल्युमिनियमचे सिलिंडर आहे म्हणून ते बिनधास्त आत नेऊ नका, त्याच्यावरचा रेग्युलेटर बहुधा ॲल्युमिनियमचा नसतो.