आईची प्रसूती रजा आणि मावशींची नोकरी : या चुका टाळा

घरात दुसरे बाळ येणार असते, पहिल्या मुलाला सांभाळायला मावशी आधीपासून येत असतात आणि आई काही महिने रजेवर घरी राहणार असते. अशा वेळी बहुतेक घरांत एकच हिशेब मांडला जातो : आई घरीच आहे, म्हणजे मावशींचे काम कमी झाले. पुढच्या बऱ्याचशा कुरबुरींचे मूळ या हिशेबात असते. आई घरी असली तरी ती बाळंतीण असते. नवजात बाळ चोवीस तासांत साधारण ८ ते १२ वेळा दूध पिते. त्यात आईचा दिवस आणि रात्र दोन्ही जातात, आणि मोठ्या मुलाचे खाणे, आंघोळ, झोप, हट्ट यांतले काहीही त्यामुळे कमी होत नाही. उलट मोठ्याचे हट्ट याच काळात वाढतात. तेव्हा रजेच्या काळातली मावशींची नोकरी हे जवळपास नवे काम आहे असे धरून, प्रसूतीच्या निदान दोन महिने आधी त्याच्या अटी बोलून घ्याव्यात.

‘थोडे दिवस येऊ नका’ असे सांगणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. रजेचे महिने मावशींना बिनपगारी घरी बसवायचे आणि आई कामावर रुजू होण्याच्या आठवड्यात त्यांना परत बोलवायचे, अशी योजना कागदावर सोयीची दिसते. मातृत्व संरक्षणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या करारात किमान १४ आठवड्यांची रजा सांगितली आहे आणि अनेक ठिकाणी ती याहून बरीच मोठी असते. महिन्याच्या पगारावर घर चालवणारी बाई इतके दिवस कमाईशिवाय वाट पाहू शकत नाही. ती दुसरे काम धरते, आणि त्यात तिची काहीच चूक नसते.

आठवड्याचे सहा दिवस तीनवर आणून पगार निम्मा करणे हा त्याचाच सौम्य प्रकार. गणित बरोबर असते, पण मावशींचा घरखर्च निम्मा होत नाही. उरलेल्या तीन दिवसांसाठी त्या जे दुसरे घर धरतील, त्या घराने पुढे सहाही दिवस मागितले तर त्या तिकडेच राहणार. खर्च खरोखर झेपत नसेल, तर तास कमी करून किमान ठरावीक रक्कम कायम ठेवण्याचा मार्ग आहे. काम कमी-जास्त झाले तरी ती रक्कम ठरल्या तारखेला मिळणार, मोकळ्या दिवशी दुसरे काम करायला मुभा असणार आणि पूर्ण वेळ कोणत्या महिन्यापासून सुरू होणार, या तिन्ही गोष्टी आधीच सांगाव्यात. रजा वाढली तर काय, हेही त्याच बैठकीत ठरवावे. रजा वाढवून घेणाऱ्या आया पुष्कळ असतात. तसे झाल्यावर मावशींना ते शेवटच्या आठवड्यात कळू नये.

नोकरी संपवायचीच असेल, तर तसे स्पष्ट सांगून पुरेशी मुदत द्यावी आणि साठलेल्या सुट्ट्यांचा, थकलेल्या पगाराचा, दिलेल्या उचलीचा हिशेब शेवटच्या दिवशी पूर्ण करावा. मात्र बाळ घरी येते त्याच आठवड्यात मावशींना निरोप देऊ नये. मोठ्या मुलाच्या वाट्याला आईची विभागलेली माया आणि रोज दिसणाऱ्या माणसाचे नाहीसे होणे एकाच वेळी येते, आणि मग त्याचे रात्री दचकून उठणे, चड्डीत शू होणे, बाळाला ढकलणे याचे खापर बाळावर फोडले जाते.

दुसरे बाळ ‘त्याच पगारात’ सोपवणे

हे कधी ठरवून होत नाही. एका दुपारकडे नीट पाहिले की कसे होते ते कळते. मावशी मोठ्याला भरवत असतात. आतून हाक येते की बाळाला जरा घ्या, मला आंघोळ करायची आहे. तोवर मोठा ताटलीतला घास जमिनीवर टाकून उठलेला असतो. बाळाची दुपटी धुवायची असतात, बाटल्या उकळायच्या असतात, भेटायला आलेल्यांसाठी चहा ठेवायचा असतो, आणि मोठ्याच्या झोपेची वेळ टळून तो किरकिर करू लागतो. संध्याकाळी कोणी विचारले तर मावशींनी ‘नेहमीसारखेच’ काम केलेले असते.

घरकामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार क्रमांक १८९ हा २०११ साली संमत झाला आणि २०१३ पासून अमलात आला. कामाचे स्वरूप, वेतन, कामाचे तास, साप्ताहिक विश्रांती आणि नोकरी संपवण्याच्या अटी घरकामगाराला समजतील अशा रीतीने, शक्य असेल तेथे लेखी कराराने, कळवल्या पाहिजेत असे तो सांगतो. तुमच्या देशातला कायदा काहीही असो, एवढे एक पान लिहून दोघांनी सही करायला कोणाची आडकाठी नसते. त्यात बाळाची कोणती कामे मावशींकडे आहेत ते लिहावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणती नाहीत ते लिहावे. बाळंतिणीचा स्वयंपाक, पाहुण्यांची उठबस, साऱ्या घराचे कपडे ही कामे हवी असतील तर ती वेगळी मोजून पगार वाढवावा. नको असतील तर घरातल्या बाकीच्या मंडळींनाही तसे सांगून ठेवावे. मावशी स्वतः ‘हे माझे काम नाही’ असे सहसा म्हणत नाहीत. त्या नोकरी सोडतात, आणि कारण विचारले तर गावी जायचे आहे असे सांगतात.

प्रसूतीच्या रात्रीचा विचार न करणे

दिलेल्या तारखेलाच प्रसूती होण्याचे प्रमाण फार थोडे, साधारण वीसात एक इतकेच असते. ३७ आठवड्यांनंतर कधीही निघावे लागू शकते. म्हणून ३६वा आठवडा सुरू होण्याआधी रात्री-अपरात्री मोठ्याजवळ कोण थांबणार, मावशींना किती वाजेपर्यंत फोन केलेला चालेल, त्या मुक्कामाला राहिल्या तर त्याचे वेगळे पैसे किती, हे ठरलेले असावे. रात्रभर झोपलेल्या मुलाजवळ थांबणे म्हणजे काही काम नव्हे, असे म्हणणारे लोक भेटतात. ज्या वेळात माणूस आपल्या घरी जाऊ शकत नाही, तो वेळ तिचा स्वतःचा नसतो, आणि त्याचा मोबदला द्यावा लागतो.

एका घरात दोन, कधी तीन हुकूम

आई दिवसभर घरात असली की मूल मावशींचे ऐकेनासे होते. ‘पुरे झाला टीव्ही’ असे मावशी म्हणतात, मूल रडत आतल्या खोलीत जाते आणि थकलेली आई ‘बघू दे त्याला पाच मिनिटे’ म्हणते. दुसऱ्या दिवसापासून मूल मावशींना विचारायचेच सोडून देते. मदतीला आलेल्या आजीचे मत तिसरे असते. मावशींना मात्र प्रत्येक हालचाल कोणीतरी पाहते आहे असे वाटत राहते, आणि वर्षानुवर्षे उत्तम काम करणारी बाईही अशा नजरेखाली चुकायला लागते.

यावर तासांची वाटणी हा सर्वांत चांगला उपाय आहे. सकाळचे ठरावीक तास मोठ्या मुलाचे सगळे निर्णय मावशींचे. त्या वेळात मूल आईकडे आले तर आईने त्याला जवळ घ्यावे, पण निर्णय बदलू नये. मतभेद असेल तर मूल झोपल्यावर बोलावे. शक्य असेल तर त्या तासांत मावशी आणि मूल घराबाहेर पडतील असे पाहावे. आईलाही तेवढी झोप मिळते. दिवसातली एखादी वेळ, झोपण्याआधीची म्हणा, फक्त आई आणि मोठ्याची असावी. त्या वेळी बाळ मावशींकडे किंवा बाबांकडे. मूल मावशींकडे अजिबात जात नाही अशी तक्रार असेल, तर बहुधा याच वेळेची कमतरता असते.

मावशींना सूचना देणारे माणूस एकच असावे. आई दुखण्यात आणि झोपेअभावी वैतागलेली असेल त्या दिवसांत ते काम बाबांनी घ्यावे. पगार, सुट्टी, खाडे यांचा विषय तर पहिले काही आठवडे तिच्यापर्यंत जाऊच नये.

जुन्या अनुभवावर नवजात बाळ सोपवणे

तीन वर्षांच्या मुलाला उत्तम सांभाळणाऱ्या मावशींना तान्ह्या बाळाविषयी आज काय सांगितले जाते ते ठाऊक असेलच असे नाही. बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवायचे, जवळ उशी किंवा मऊ खेळणी ठेवायची नाहीत. पहिले सहा महिने पाणी किंवा वरचे काही द्यायचे नाही. हे शब्दांत सांगावे, एकदा करून दाखवावे. डांग्या खोकला आणि फ्लूच्या लसीबद्दल डॉक्टरांना आधीच विचारावे आणि मावशींनी लस घ्यायची असेल तर तिचा खर्च घरानेच करावा. त्यांना ताप-खोकला असेल त्या दिवशी पगार कापला जाणार नाही, हेही सांगून ठेवावे. पगार कापला जाणार म्हटल्यावर आजार लपवून कामावर यावेच लागते.

सगळे शेवटच्या दिवसावर टाकणे

रजा संपण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून बाळ थोडा थोडा वेळ मावशींकडे राहू लागले पाहिजे. अंगावर पिणारी बाळे बाटली किंवा वाटी-चमचा पहिल्याच दिवशी घेतील असे नसते, आणि आई समोर असताना तर ती मुळीच घेत नाहीत. म्हणून या सरावाच्या वेळी आईने घराबाहेर जावे. काढून ठेवलेले दूध सामान्य तापमानाला चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत चालते, हे फ्रिजच्या दारावर लिहून ठेवावे आणि प्रत्येक डब्यावर तारीख-वेळ घालावी. बाळ आठ महिन्यांच्या आसपासचे असेल तर सरावाचा हा कालावधी आणखी वाढवावा, कारण त्या सुमारास आईपासून दूर होण्याची भीती मुलांमध्ये दिसू लागते.

पूर्ण वेळ पुन्हा सुरू होण्याच्या महिन्यात पगाराचाही फेरविचार करावा. रजेआधी एक मूल होते, आता दोन आहेत, आणि ही वाढ मावशींनी मागेपर्यंत थांबू नये. आणखी एक गोष्ट घरांमध्ये सहसा कोणी बोलत नाही : मावशीही गरोदर राहू शकतात. करार १८९ मध्ये घरकामगारांच्या मातृत्वालाही इतर कामगारांइतके संरक्षण देण्याची तरतूद आहे. म्हणून त्या एका पानावर आईच्या रजेखाली मावशींच्या अशा रजेची एक ओळ असावी : किती आठवडे, त्यांतले किती पगारी, आणि परत आल्यावर काम कायम राहणार की नाही.