कागदी मिनिएचर कापताना या चुका टाळा: हत्यार बदलण्याआधी कड बघा

कागदातून कापून काढायची चिमुकली आकृती होती, भालाईताची. उंची ३० मिलिमीटर, भाल्याची जाडी जेमतेम एक मिलिमीटर. पाऊण तास लावून मी त्याचे पाय, ढाल, शिरस्त्राणावरचा तुरा असं सगळं कापत आणलं आणि शेवटच्या दोन मिनिटांत भाला उडवला. दोष हाताला दिला. पुढचे दोन भालाईतही असेच वाया गेले, तेव्हा कुठे भिंग काढून तुटलेली कड बघितली. कड कापलेली नव्हतीच, फाटलेली होती. ब्लेडचं टोक केसभर मोडलं होतं आणि नुसत्या डोळ्यांना ते दिसतच नव्हतं.

तेव्हापासून काम बिघडलं की आधी कड भिंगाखाली धरतो. कडेवर लव सुटलेली असेल तर ब्लेड बोथट आहे किंवा कागद ओलसर आहे. कड एका बाजूला तिरपी असेल तर ब्लेड आडवं धरलं जातंय किंवा मुठीत डुगडुगतंय. बाह्यरेषेवर ठरावीक अंतराने बारीक खाचा दिसत असतील तर कात्री टोकापर्यंत मिटली जातेय. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण कागदकामात निम्मीच खरी. इथे अंगण बऱ्याचदा खरोखरच वाकडं असतं.

बोथट ब्लेड ‘अजून चालतंय’ म्हणून वापरणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि मीही ती सगळ्यात जास्त वेळा केली आहे. कागद मऊ असतो, त्याने पोलादाची धार काय जाणार, असं वाटतं. पण कागद म्हणजे नुसते तंतू नसतात. तो गुळगुळीत आणि पांढरा दिसावा म्हणून त्यात चिकणमाती, कॅल्शियम कार्बोनेट अशी खनिजं भरलेली असतात आणि ती धार खातात. चकचकीत लेपाच्या कागदावर तर ब्लेड आणखी लवकर बसतं. शिवाय आपलं सगळं काम टोकाच्या एक-दीड मिलिमीटरवर चालतं. मागची धार कोरी करकरीत असते, त्यामुळे अंगठ्याच्या नखावर ब्लेड टेकवून बघितलं तर ते धारदारच वाटतं.

पारखायची सोपी रीत अशी. ज्या कागदाचं काम चाललंय त्याच्याच तुकड्यावर तांदळाच्या दाण्याएवढा अर्धगोल कापा. चांगलं टोक जवळजवळ आवाज न करता फिरतं. खरखर ऐकू आली, किंवा वळणावर कागद ब्लेडसोबत ओढला जाऊन उचलला गेला, तर ब्लेड बदला. मी तर एखादा अवघड चेहरा किंवा हात सुरू करायच्या आधी नवंच ब्लेड लावतो आणि जुनं पुठ्ठा कापायला ठेवतो.

टोक बहुधा कापताना मोडत नाही, उचकटताना मोडतं. एखादा तुकडा नीट सुटला नाही की आपण ब्लेडचं टोक खाली घालून तो वर काढायला जातो. ब्लेड बाजूने वाकवलं की टोक गेलंच म्हणून समजा. तुकडा सुटत नसेल तर तीच रेघ पुन्हा हलक्या हाताने कापा आणि मग चिमट्याने उचला. चिमट्याने ओढून मात्र फाडू नका.

तुकडे मोडत जायचं कटर वापरणाऱ्यांची गंमत वेगळीच. १९५६ साली जपानमध्ये योशिओ ओकादा यांनी ही कल्पना काढली, ती फुटलेल्या काचेच्या धारदार कडा आणि चॉकलेटच्या वडीवरच्या आडव्या-उभ्या खाचा बघून. त्यांच्या ‘ओल्फा’ या कंपनीचं नावसुद्धा जपानीतल्या ‘मोडणे’ आणि ‘पातं’ या अर्थाच्या शब्दांवरून आलं आहे. म्हणजे ज्या हत्याराच्या नावातच मोडणं आहे, त्याचा एक तुकडा मोडताना आपला हात आखडतो! मोडा. फक्त पक्कडीने, चेहऱ्यापासून लांब धरून, आणि तुकडा झाकणाच्या डब्यात टाका, उघड्या कचऱ्यात नको. बारीक कामाला ९ मिलिमीटर रुंदीचं पातं घ्या, १८ मिलिमीटरचं खोकी फोडायला ठीक आहे. त्यातही ३० अंशांच्या निमुळत्या टोकाचं पातं मिळतं. नेहमीच्या, साधारण ६० अंशांच्या टोकापेक्षा ते अरुंद जागेत जातं आणि कापत असलेली रेघ दिसत राहते. मात्र ते नाजूकही तितकंच असतं.

नंबर बघून चुकीचं ब्लेड घेणं

‘११ नंबरचं ब्लेड घे’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो आणि तो बरोबरच आहे. ११ नंबर म्हणजे लांब, सरळ धारेचं, टोकदार ब्लेड. पण क्राफ्ट नाइफचं, म्हणजे हस्तकलेच्या पेनासारख्या सुरीचं, ११ नंबर वेगळं आणि शस्त्रक्रियेच्या स्काल्पेलचं ११ नंबर वेगळं. दिसायला भाऊभाऊ, पण एक दुसऱ्याच्या मुठीत बसत नाही. क्राफ्ट नाइफचं ब्लेड चार जबड्यांच्या चिमटीत घालून आवळायचं असतं. स्काल्पेलच्या ब्लेडला मधे लांबट भोक असतं आणि ते मुठीच्या खाचेवर सरकवून अडकवतात. स्काल्पेलच्या मुठींनाही नंबर आहेत. १०, ११, १५ ही ब्लेडं ३ नंबरच्या मुठीला लागतात, २० च्या पुढची मोठी ४ नंबरला. ब्लेडांचा पुडा आणून तो मुठीला न लागल्याचा अनुभव मी घेतलेला आहे, तुम्ही घेऊ नका.

दोन्हींतलं कोणतं बरं? माझं मत विचाराल तर साध्या कागदाला आणि १६० ते २०० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कार्डशीटला स्काल्पेल. त्याचं ब्लेड पातळ असतं, कागदाला बाजूला न दाबता आत शिरतं. दोन थर चिकटवलेल्या जाड कामात तेच पातळ ब्लेड वाकतं आणि कड तिरपी येते, तिथे क्राफ्ट नाइफ घ्यावं. त्याची चिमटी मात्र काम चालू असताना हळूहळू सैल होते. दर आकृतीनंतर एकदा आवळायची सवय लावा, आणि ब्लेड खाचेत पूर्ण आत ढकलून मगच आवळा. अर्धवट बसवलेलं ब्लेड डुगडुगतं आणि आपण मनगटाला शिव्या देत बसतो.

सगळं एकाच हत्याराने उरकणं

सुरी हातात आली की कात्री बाजूला पडते. बाहेरची फुगीर वळणं, म्हणजे ढालीची गोलाई, खांदा, घोड्याची पाठ, ही छोट्या टोकदार कात्रीने सुरीपेक्षा सफाईने निघतात. भरतकामाची कात्री यासाठी उत्तम. दोन गोष्टी फक्त पाळायच्या. कात्री एका जागी स्थिर ठेवून कागद फिरवायचा, आणि पाती शेवटपर्यंत मिटायची नाहीत. पात्यांच्या मधल्या भागाने कापत जायचं, मिटायच्या थोडं आधी पुन्हा उघडून पुढे सरकायचं. वर म्हटल्या त्या खाचा टोक मिटल्यानेच पडतात. अपवाद एकच: पायांच्या मधल्या बेचक्यात शिरून नेमकं थांबायचं असेल तिथे टोकानेच कापावं लागतं. कागद कापला न जाता पात्यांमध्ये दुमडत असेल तर धार बघायच्या आधी मधला स्क्रू बघा, तो सैल असतो. डावखुऱ्यांनी डाव्या हाताचीच कात्री घ्यावी. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की अंगठ्याच्या जोराने पाती एकमेकांपासून लांब जातात आणि रेघही पात्याआड लपते.

आतली भोकं सुरीची. अगदी बारीक गोल भोक, समजा कंदिलाचं कडं, सुरीने कापायला जाऊच नका. चामड्याला भोक पाडायचा पंच घ्या, खाली कटिंग मॅटचा (कापताना कागदाखाली ठेवतात ती) रद्दी तुकडा ठेवा, वरून एक टोला द्या. दहा सेकंदांत जे गोल निघतं ते सुरीने दहा मिनिटांतही निघत नाही.

मॅटचा जुना कोपरा, प्लॅस्टिकची पट्टी

‘सेल्फ-हीलिंग’ मॅट स्वतःहून भरून येते हे खरं, पण वरवरचे ओरखडे तेवढे. खोल चर तसेच राहतात आणि ब्लेडचं टोक त्यात सापडलं की तुमच्या रेघेऐवजी चराच्या दिशेने जातं. बिनसलेल्या कामाखालची मॅट एकदा बोट फिरवून बघा. मी मॅटचा एक कोपरा फक्त बारीक कामासाठी राखून ठेवला आहे, तिथे पुठ्ठा कापायला बंदी. मॅटवर गरम कप ठेवू नका, उन्हातही ठेवू नका. ती वाकते आणि पुन्हा सपाट होत नाही. काचेवर कापलं तर कड फार स्वच्छ येते, पण टोक पाहता पाहता बसतं. पुठ्ठ्यावर तर कापूच नये, त्याचे पदर ब्लेडला हवं तिकडे ओढतात.

पट्टी स्टीलचीच. प्लॅस्टिकच्या पट्टीची कड सुरीने तासली जाते आणि पुढची प्रत्येक रेघ त्या तासलेल्या जागी वळते. पट्टी घसरत असेल तर खाली मास्किंग टेपची एक पट्टी चिकटवा. जाड बुचाचं अस्तर लावलेली पट्टी कागदापासून वर राहते आणि बारीक कामात ब्लेड तिच्या कडेखाली शिरतं. आणखी एक: पट्टी नेहमी आकृतीवर ठेवा, टाकाऊ कागदावर नको. सुरी घसरली तर मग टाकाऊ बाजूला घसरेल.

घाई: ओला गोंद, खोल घाव

पुढची-मागची बाजू चिकटवून केलेल्या आकृतीत पांढऱ्या गोंदातलं पाणी कागदात मुरलेलं असतं. वरून सुकलेलं वाटलं तरी आत ओल असते, आणि ओले तंतू कापले जात नाहीत, पिंजले जातात. दोन सपाट पाट्यांमध्ये वजनाखाली रात्रभर ठेवा. दोन्ही बाजू जुळत नसतील तर गोंद लावण्याआधी उजेडावर धरून कोपऱ्यांत टाचणीने भोकं पाडा आणि त्यावरून बसवा. घडीची रेघ सुरीने ओढू नका, पातळ कागद तिथे तुटतो. रिफिल संपलेलं बॉलपेन पट्टीला लावून दाबत न्या, आणि ही दाब-रेघ कापण्याच्या आधी, कागद अखंड असताना मारा.

कापताना एकाच घावात आरपार जायचा मोह होतो. जोर लावला की वळणावर ताबा सुटतो. पहिला हात फक्त वाट दाखवायला, दुसरा-तिसरा कापायला. आतल्या कोपऱ्यात ब्लेडचं टोक कोपऱ्यावर रोवून बाहेरच्या दिशेने ओढा, मग दुसऱ्या बाजूनेही तसंच. कोपऱ्याकडे कापत आलात तर एक ना एक दिवस रेघ कोपरा ओलांडून आकृतीत शिरणारच.

माझ्या भालाइताचं निम्मं पाप ब्लेडचं होतं, उरलेलं क्रमाचं. भाला मी शेवटी ठेवला होता. तोवर आजूबाजूचा कागद निघून गेल्यामुळे धरायला काही उरलं नव्हतं आणि ती नाजूक पट्टी ब्लेडच्या धक्क्याने हलत होती. आता आधी आतली भोकं, मग भाला-तलवार-बोटं असे बारीक भाग, आणि बाहेरची मोठी रेघ सगळ्यात शेवटी. भाला एक मिलिमीटरपेक्षा बारीक असेल तर मी भाला आणि अंग यांच्यामधला कागद काढतच नाही, तिथे गडद रंग भरतो. टेबलावर हातभर अंतरावरून कुणाच्या लक्षात येत नाही.

कापून झालं की कडेचा पांढरा कागद उरतो. त्यावर फेल्ट पेन टोकाने नाही, पेनाची कूस लावून फिरवा, नाहीतर शाई आत पाझरून चेहऱ्यावर येते. काळा रंग सरसकट वापरू नका. चेहरा आणि हातांच्या कडेला तपकिरी लावा, काळ्याने माणूस चौकटीत बसवलेल्या फोटोसारखा दिसतो.