जुन्या गाडीचा मूळ रंग चमकवताना या चुका टाळा

विदर्भातल्या कितीतरी गावांत टिनाच्या शेडखाली आजोबांच्या काळातली ॲम्बॅसेडर, फियाट नाहीतर विलिस जीप अजून उभी आहे. घरात लग्न निघालं की ती बाहेर काढायची टूम निघते. मग तालुक्याच्या गॅरेजमधून कोणीतरी बफिंग मशीन आणतं आणि संध्याकाळपर्यंत बोनटच्या कडेला प्राइमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, दिसू लागतो. इंजिन पुन्हा बांधता येतं, सीट नव्याने शिवता येतात, बंपरवर क्रोमही चढवता येतो. कारखान्यात बसलेला रंग मात्र गेला की गेला. म्हणून चमक थोडी कमी आली तरी चालेल, पण रंग कमी होता कामा नये, असं माझं ठाम मत आहे.

रंग कोणता, हे न बघताच घासायला घेणं

त्या काळच्या बहुतेक गाड्यांवर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, नाही. जो रंग दिसतो तोच सगळ्यात वरचा थर. खात्री करायची तर डिकीच्या आतल्या काठावर पांढऱ्या सुती फडक्याने थोडं सौम्य पॉलिश चोळून बघा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर तो जुना, उघडा रंग. फडकं पांढरंच राहिलं तर बहुधा वर क्लिअर कोट आहे, म्हणजे तो भाग नंतर कधीतरी रंगवला गेला आहे. ही तपासणी प्रत्येक पत्र्यावर वेगळी करा, कारण जुन्या गाडीचं एखादं मडगार्ड हमखास नंतर रंगवलेलं असतं.

मेटॅलिक रंगाला जास्त जपा. त्यातले ॲल्युमिनियमचे कण उघडे पडले की फडकं काळपट होतं आणि पत्र्यावर गडद पट्टे उमटतात. तिथे कंपाउंड, म्हणजे रंग घासून काढणारी जाड पेस्ट, लावूच नका. डांबराचा डाग काढायला थिनर वापरणं हीसुद्धा मोठी चूक आहे. जुना एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर रंग थिनरमध्ये चक्क विरघळतो.

पहिल्याच दिवशी कंपाउंड

सगळ्यात जास्त गाड्या इथेच खराब होतात. रंग खडूसारखा पांढुरका झाला की तो मेला असं समजून लोक जाड रबिंग कंपाउंड लावतात. खरं तर वरचा थर उन्हाने कोरडा पडलेला असतो आणि खाली रंग शाबूत असतो. प्राइमरपासूनचे सगळे थर मिळून वहीच्या एका पानाहून फार जाड नसतात. त्यातलं किती घासून टाकायचं, याचा आधी विचार करा.

अशा कोरड्या रंगाला आधी तेलकट, न घासणारं ग्लेझ पाजावं. मेग्वायर्सचं नंबर ७ याच कामासाठी नावाजलेलं आहे आणि ऑनलाइन मिळतं. खरखरीत सुती टॉवेलने ते भरपूर चोळा, रात्रभर तसंच राहू द्या, सकाळी पुन्हा एक हात द्या आणि पुसा. फिकट गुलाबी झालेलं लाल बोनट एवढ्यावरही पुष्कळ वेळा परत लाल दिसू लागतं. त्यानंतरही ओरखडे खुपत असतील तरच बारीक पॉलिश घ्या आणि तेही हाताने.

मशीन लावायचंच असेल तर ड्युअल ॲक्शन लावा, म्हणजे ज्याचं पॅड फिरता फिरता हेलकावतंही. नुसतं गोल फिरणारं रोटरी मशीन एका जागी क्षणभर जास्त थांबलं तरी पत्रा तापतो आणि रंग जळतो. बोनटची मधली उभी धार, मडगार्डच्या कडा, हेडलाइटभोवतीचा उंचवटा इथे रंग सर्वात पातळ असतो. या जागांवर आधीच मास्किंग टेप लावा. काम करताना फडक्यावर करडी किंवा विटकरी छटा आली तर तो प्राइमर आहे. तिथेच थांबा. रंगाला बारीक चिरा पडल्या असतील तर त्या कोणत्याही पॉलिशने भरत नाहीत, उलट त्यांत पांढरं पॉलिश अडकून त्या जास्त दिसतात.

धूळ कोरडी पुसणं, आणि बोअरचं पाणी

वणी-घुग्घुसकडे कोळशाची भुकटी, गडचांदूरकडे सिमेंटची धूळ आणि बाकी सगळीकडे शेतातली माती. कोरडं फडकं फिरवलं की हेच कण रंगावर जाळी काढतात. आधी पाण्याच्या धारेने धूळ वाहू द्या, मग फडक्याला हात घाला. सिमेंटची धूळ दवाने भिजली तर घट्ट धरते, त्यामुळे ती साचू देऊ नका.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात दुसरंच दुखणं आहे. तिथलं बोअरचं पाणी वाळलं की क्षारांचे गोल ठिपके उरतात आणि लोक तेही कंपाउंडने काढायला बघतात. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळून ओलं फडकं मिनिटभर ठेवा आणि लगेच धुऊन काढा. हेही आधी आतल्या काठावर करून बघा. शेवटचं धुणं साठवलेल्या पावसाच्या पाण्याने केलं तर ठिपके पडतच नाहीत.

ट्रॅक्टरला मारतात तसा डिझेलचा हात गाडीला देऊ नका. चमक दोन दिवस टिकते, पण त्या तेलकटपणावर धूळ बसते ती बसतेच. खोबरेल तेलाचंही तेच. ओरखड्यांवर टूथपेस्ट चोळण्याआधी तिच्यात घासणारी पूड असते, हे लक्षात ठेवा.

भर उन्हात वॅक्स

कार्नौबा वॅक्स (ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांचं मेण) साधारण ८२ ते ८६ अंशांना वितळतं. चंद्रपूर-अकोल्यात मे महिन्यात हवाच ४५ अंशांपुढे जाते, मग उन्हातल्या काळ्या बोनटला हात लावायची सोय नसते. अशा पत्र्यावर वॅक्स फासतं आणि पुसताना दमछाक होते. दिवाळीनंतरची सकाळ, सावली आणि गार पत्रा, हा या कामाचा खरा मोसम. थर अगदी पातळ हवा. जाड थराने संरक्षण वाढत नाही.

वॅक्स सुकून घट्ट बसलं तर नखाने खरवडू नका. त्यावरच थोडं ताजं वॅक्स चोळून लगेच पुसा, खालचंही सुटतं. अक्षरांच्या आणि बीडिंगच्या सांदीत अडकलेलं मऊ टूथब्रशने निघतं.

काम झाल्यावर गाडीवर ताडपत्री टाकू नका. वाऱ्याने ती घासत राहते आणि पावसाळ्यात आत ओल धरते. त्यापेक्षा हवा खेळणारं मऊ सुती कव्हर शेडखाली वापरा. गाडी धुताना पाण्याचे थेंब उभे राहायचे बंद झाले आणि पाणी पसरू लागलं की वॅक्सचा पुढचा हात द्यायची वेळ झाली. त्यासाठी पॉलिश पुन्हा करावं लागत नाही.